डिस्क कपाटात, पेनड्राइव्ह गावभर

मुलाच्या गेमबद्दल एका बाईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. या वाचक नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतात, एका बँकेत हिशेबाचं काम बघतात. मिस्टर अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला, मुलगा नववीत. मागच्या दिवाळीत बोनसमधून त्यांनी मुलाला प्लेस्टेशन घेतलं आणि सोबत चार हजारांची फुटबॉलच्या गेमची एक डिस्क. खालच्या मजल्यावरच्या मित्राने ती खेळायला नेली, तीन आठवडे ठेवली आणि ओरखडे पाडून परत दिली. त्या दिवसापासून घरात नियम झाला की डिस्क दाराबाहेर जाणार नाही. मग उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याहून भाचा आला आणि त्याने आपल्या हार्ड डिस्कवरून घरच्या लॅपटॉपमध्ये चौतीस गेम टाकून दिले, सगळे क्रॅक केलेले, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून फुकट चालवलेले. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. गेल्या महिन्यात मुलाच्या कंपासपेटीत साडेपाचशे रुपये सापडले. वर्गातल्या अकरा मुलांना त्याने पेनड्राइव्हवर गेम भरून दिले होते, प्रत्येकी पन्नास रुपये घेऊन. जाब विचारला तर म्हणाला, "आई, मी कुणाचं काय घेतलं? माझ्याकडचा गेम माझ्याकडेच आहे ना! आणि तू नाही का ती कादंबरी व्हॉट्सअॅपवरून वाचलीस?" मिस्टरांचं म्हणणं, आपणही असेच मोठे झालो, उगाच बाऊ करू नको. बाई विचारतात: माझा मुलगा चोर आहे का? लॅपटॉप सगळा पुसून टाकू का? आणि डिस्क बाहेर न देण्याचा नियम तरी बरोबर होता ना?

ताई,

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय, पण मी तिथूनच सुरुवात करते. माझ्या मते गाठ तिथेच बसली आहे.

तुमच्या घरात दोन गोष्टी घडल्या. मुलाने स्वतःची डिस्क मित्राला दिली, तिच्यावर बंदी आली. भाच्याने चौतीस गेमच्या नकला लॅपटॉपात ओतल्या, त्या संध्याकाळी त्याला आपण आमरस वाढला. मुलाने यातून काय उचललं असेल, बघा. मित्राला आपली वस्तू दिली की बोलणी बसतात आणि नक्कल करून वाटली की कौतुक होतं. मी तुम्हाला दोष देत नाही. चार हजारांच्या डिस्कवरचा ओरखडा डोळ्यांना दिसतो, नखाला लागतो. नकलेचा ओरखडा कुठेच दिसत नाही. कोणत्याही आईने हेच केलं असतं. पण नियम उलटा झाला, हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

विकत घेतलेली डिस्क मित्राला देणं यात गैर काही नाही. उलट, हा हक्क खेळणाऱ्यांनी भांडून राखलेला आहे. २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांच्या नव्या एक्सबॉक्स या गेम खेळायच्या मशीनसाठी असे नियम जाहीर केले होते की डिस्क विकत घेतली तरी ती मित्राला मोकळेपणाने देता येणार नाही आणि मशीनला दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल. जगभरचे खेळणारे खवळले. त्याच सुमारास प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने काही सेकंदांचा एक व्हिडिओ काढला. प्लेस्टेशनवर गेम मित्राला कसा द्यायचा? एक माणूस डबी पुढे करतो, दुसरा ती घेतो आणि आभार मानतो. बस, एवढाच व्हिडिओ. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपले नियम मागे घेतले. तुमच्या मुलाने जिन्यात उभं राहून खालच्या मित्राला डिस्क दिली, तेव्हा त्याने नेमकं तेच केलं होतं.

आणि आपण तर नाशिकचे. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून एकच पुस्तक शेकडो हातांत देत आलंय. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाच्या पुस्तकांनी भरलेल्या पेट्या सोसायट्यांत आणि कचेऱ्यांत फिरतात. कुणी म्हणत नाही की यात लेखक बुडाला. असं का, हे मुलाला नीट उलगडून सांगा. पुस्तक तुमच्याकडे आलं की ते वाचनालयाच्या फळीवर नसतं. दुसऱ्याला ते हवं असेल तर त्याला थांबावं लागतं, फार घाई असेल तर विकत घ्यावं लागतं. प्रत एक आणि एका वेळी वाचणाराही एक. देणाऱ्याची जागा तेवढे दिवस रिकामी राहते. तुमच्या मुलाने तीन आठवडे तो फुटबॉल खेळला नाही, मित्राची वाट पाहिली. त्या देण्यात त्याचं स्वतःचं काहीतरी गेलं होतं. म्हणून ते खरं देणं होतं.

आता त्याचं ते वाक्य. "माझ्याकडचा गेम माझ्याकडेच आहे ना!" मुलगा हुशार आहे, त्याने बरोबर जागी बोट ठेवलंय. फक्त त्यातून काढलेला अर्थ चुकलाय. गेम त्याच्याकडेच राहिला म्हणजे त्याने तो दिला नाही, छापला. हा फरक सांगायला तुम्हाला लांब जायला नको. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, हे तो लहानपणापासून ऐकत आला असणार. पाचशेची नोट मित्राला उसनी दिली तर माझं पाकीट हलकं होतं. तीच नोट मी घरच्या मशीनवर छापून दिली तर माझं पाकीट तसंच राहतं, मित्रही खूश होतो आणि समोर कुणाच्या खिशातून काही गेलेलं दिसत नाही. तरीही ते चालत नाही, हे नववीतल्या मुलाला सांगावं लागत नाही. नोटेची तुलना गेमला शंभर टक्के लागू पडत नाही, हेही कबूल करा. तो स्वतःच तसं म्हणेल आणि म्हणू द्या. नकली नोटांनी बाजारातल्या वस्तू महाग होतात, गेमच्या नकलेने होत नाहीत. पण देणं आणि छापणं यांतलं अंतर त्याला नक्की कळेल.

मग तो चोर आहे का? मी हा शब्द वापरणार नाही आणि तुम्हीही वापरू नका. चोरी म्हटलं की कुणाच्या तरी घरातली वस्तू नाहीशी झालेली असते. इथे तसं झालेलं नाही, आणि जे झालं नाही त्याचा आरोप केला की मूल तेवढाच धागा पकडून सगळं बोलणं उडवून लावतं. झालंय ते वेगळं आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं खपून बनवलेली गोष्ट, तिचं काय करायचं हे ठरवायचा त्याचा हक्क, तो डावलला गेला. आणि त्यावर आपल्या मुलाने पन्नास-पन्नास रुपये कमावले.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोजला जातो, म्हणजे गेमचा कोड कवितेच्या शेजारी बसतो. मला हे फार आवडतं. कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची, तो खराब होईल या भीतीने एक राखीव प्रत ठेवायला हा कायदा परवानगी देतो. ती प्रत दुसऱ्याला द्यायची मात्र नाही. जाणूनबुजून नकली प्रोग्रॅम वापरणं हासुद्धा कलम ६३ ब खाली गुन्हा आहे. त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. वापर कमाईसाठी नसेल तर कैद टाळून केवळ दंडावर सोडायची मुभा न्यायालयाला आहे. कायदाही पैसे घेणं आणि न घेणं यांत फरक करतो, म्हणून ते साडेपाचशे रुपये मला चौतीस गेमांपेक्षा जास्त टोचतात. तरी मुलाला पोलिसांची भीती घालू नका. भीती चार दिवसांत ओसरते, आणि मग "कुणाला पकडलंय आजवर?" हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल.

त्यापेक्षा गेम बनवणारी माणसं त्याला दाखवा. मुलांच्या डोक्यात गेम म्हणजे अमेरिकेतली अब्जावधींची कंपनी. पुण्यात नोडिंग हेड्स गेम्स नावाचा एक छोटा स्टुडिओ आहे. आपल्याकडच्या पुराणकथांवर बेतलेला 'राजी' हा गेम त्यांनी बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम सोडलं नाही आणि २०२० मध्ये गेम आला. पुणे म्हणजे आपल्यापासून चार-पाच तासांवर. तुमचा भाचा ज्या शहरात हार्ड डिस्क भरतो, त्याच शहरात कुणीतरी गेम विकून घरभाडं भरतंय. हे त्याच्या कानावर घाला.

दुसरी एक गोष्ट सांगते, ती त्याला बोलण्यापेक्षा जास्त पटेल. २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या छोट्या कंपनीने 'गेम डेव्ह टायकून' काढला. त्यात खेळणाऱ्याने गेम बनवणारी कंपनी चालवायची असते. या भावांनी विक्री सुरू करताच एक क्रॅक केलेली आवृत्ती स्वतःच टोरेंटवर, म्हणजे लोक आपसात फायली फुकट वाटतात तिथे, टाकली. त्यात एकच बदल होता: काही वेळ खेळलं की पडद्यावरच्या तुमच्या कंपनीचे गेम लोक फुकट उतरवायला लागतात आणि कंपनी बुडते. पहिल्या दिवसाच्या शेवटी विकत घेऊन खेळणारे होते २१४ आणि फुकट खेळणारे तीन हजारांहून जास्त. आणि त्या फुकट खेळणाऱ्यांतलेच काही जण इंटरनेटवर तक्रार करत होते की आमच्या कंपनीचे गेम सगळे चोरतात, आता आम्ही काय करायचं! ही हकिगत त्याला सांगा आणि पुढे काही बोलू नका. विचार करायला जागा ठेवा.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. ते खोटं नाही आणि त्यांना गप्प करून काही साधणार नाही. नव्वदच्या दशकात आमच्या घरीही तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कार्ट्रिज चाललं नाही की काढायचं, तोंडाने फुंकर मारायची, परत बसवायचं. कॅसेट लायब्ररीत दहा रुपये रोजाने कार्ट्रिज मिळायचं आणि रविवारी दुपारी ते परत करायला उन्हातून धावत जायचो. त्यावर '९९९ इन १' लिहिलेलं असायचं. ते यंत्र, ते कार्ट्रिज, बहुतेक सगळं नकली होतं, हे मला वयाच्या तिशीत कळलं. पुढे सायबर कॅफेतला 'व्हाइस सिटी' हा गेमही तसाच. अस्सल प्रत आमच्या गल्लीत कुणी पाहिलीच नव्हती. तेव्हा शहरात ती मिळत नव्हती आणि मिळाली असती तरी परवडली नसती. मला त्या दिवसांची लाज वाटत नाही. पण तेव्हा रस्ताच नव्हता, आता आहे. स्टीम या इंटरनेटवरच्या गेमच्या दुकानात नोव्हेंबर २०१५ पासून गेम रुपयांत मिळतात. यूपीआयने पैसे भरता येतात, सेलमध्ये जुने गाजलेले गेम वडापाव-चहाच्या हिशेबात येतात. एपिक नावाचं तसंच दुकान २०१८ च्या डिसेंबरपासून गेम फुकट देतंय, आधी दोन आठवड्यांनी आणि २०१९ पासून दर आठवड्याला, रीतसर फुकट. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करून पैसे मिळतात. म्हणजे 'बघू तरी कसा आहे' यासाठीही आता क्रॅक लागत नाही. मिस्टरांना एवढंच म्हणा: तुमच्या वेळी पर्याय नव्हता, त्याच्यापुढे आहे.

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असंही मुलाला सांगू नका, ते खरं नाही. आज डाउनलोड करून घेतलेला गेम आपल्या मालकीचा नसतो, फक्त खेळायचा परवाना असतो. स्टीमच्या दुकानात पैसे भरताना तसं आता लिहूनच येतं. युबिसॉफ्ट या कंपनीने 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर, म्हणजे ज्यांना इंटरनेटवरून जोडल्याशिवाय तो चालतच नसे ती मशीन, ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम बंद पडला. डिस्क घेतलेल्यांचासुद्धा. हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. तसंच, बाजारात कुठेच न मिळणारे जुने गेम लोक जपून ठेवतात, त्यांच्याकडे मी वेगळ्या नजरेने बघते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहिलं तर तिथले ८७ टक्के जुने गेम दुकानात उपलब्धच नव्हते. कायद्याच्या लेखी ती नक्कलही नक्कलच, पण तिथे कुणाच्या विक्रीवर पाय पडत नाही. तुमच्या लॅपटॉपातले चौतीस गेम मात्र तसले नाहीत. तुम्ही पाठवलेल्या यादीतले बरेचसे आज दुकानात आहेत.

आता करायचं काय.

लॅपटॉप तुम्ही आपल्या हाताने पुसू नका. त्याला समोर बसवून, त्याच्या हातून होऊ द्या. मात्र एक गोष्ट आजच थांबवा: त्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार. क्रॅक केलेला गेम बसवताना बहुतेक वेळा पहिली सूचना असते, "अँटिव्हायरस बंद करा." भाच्याने तो बंद केला असणार. नंतर चालू केला का, ते विचारा. अनोळखी माणसाने बदललेला प्रोग्रॅम पहारा उठवून आत घेतला, तर त्याच्यासोबत काय आलं ते कुणालाच माहीत नसतं. तुम्ही बँकेत काम करता, हे तुम्हाला मी काय सांगावं. नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि मगच पुढचं. आणि हो, त्या चौतीसमध्ये अठरा वर्षांपुढचे गेम किती, तेही एकदा बघा. डबीवर वय छापलेलं असतं, हार्ड डिस्कवर नसतं.

साडेपाचशे रुपये त्याने स्वतः परत करायचे, अकराही मुलांना, एकेकाला गाठून. तुम्ही शाळेत फोन करू नका, त्यांच्या आयांच्या ग्रुपवरही टाकू नका. "मी पैसे घ्यायला नको होते" एवढं वाक्य पुरे. हे त्याला जड जाईल. आदल्या दिवशी रात्री तो आढेवेढे घेईल, पोटात दुखतंय म्हणेल. ठाम राहा, पण शाळेतून आल्यावर त्याच्या आवडीचं काहीतरी करून ठेवा. खर्च झालेल्या पैशांची तूट भरायची असेल तर त्याच्या खाऊच्या पैशांतून, हळूहळू.

चौतीसपैकी त्याने खरोखर मन लावून खेळलेले किती, ते विचारा. दोन-तीन निघतील, बाकीचे नुसते साठवलेले असतात. त्यातला सर्वांत आवडता एक पुढच्या सेलमध्ये त्याने विकत घ्यावा, अर्धे पैसे त्याचे, अर्धे तुमचे. मग बाकीचे काढून टाकताना त्याला ते शिक्षेसारखं वाटणार नाही.

घरच्या घरात वाटून खेळायची सोयही आहे. स्टीमवर एका कुटुंबातले सहा जण आपापले गेम एकत्र ठेवू शकतात. एका प्रतीवर एका वेळी एकच जण खेळतो, अगदी वाचनालयाच्या पुस्तकासारखं. हे एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, पुण्याच्या भाच्यासाठी नाही. आणि त्यात कुणी खेळताना लबाडी केली तर ज्याचा गेम आहे त्याच्यावरही बंदी येते, तेव्हा कुणाला घ्यायचं ते बघून घ्या. याच विषयावर दुसऱ्या दोन तरुण वाचकांनी विचारलंय की गेम भरलेल्या अकाउंटचा पासवर्ड दोनशे-तीनशे रुपयांना विकणारे असतात, ते घ्यावं का? नको. ते अकाउंट मूळ मालक कधीही परत ओढून घेतो आणि तक्रार करायला तुम्हाला तोंड राहत नाही.

तुमच्या व्हॉट्सअॅपवरच्या कादंबरीबद्दल मुलाने बोललंय ते तुम्हाला लागलंय, पत्रातून कळतं. ते बरोबर बोलला. मराठी लेखकाचं पुस्तक किती खपतं ते आपण सगळे जाणतो, आणि त्याचीच पीडीएफ आपण सकाळच्या शुभेच्छांबरोबर पुढे पाठवतो. मीही पाठवल्या आहेत, आता बंद केलंय. ती फाइल त्याच्यासमोर काढून टाका आणि पुस्तक विकत आणा, नाहीतर वाचनालयातून आणा. त्याने पैसे परत करायचे त्याच आठवड्यात हे करा. दोघांनी मिळून केलं की त्याचं ओझं अर्धं होईल.

राहिली डिस्क. घातलेली बंदी उठवा आणि तिच्या जागी वही ठेवा. नाव, नेल्याची तारीख, परतीची तारीख. हिशेबाची वही तुमच्याइतकी कोण नीट ठेवणार! आठ दिवसांची मुदत, एका वेळी एकच डिस्क, डबीसकट द्यायची आणि डबीसकट घ्यायची. डिस्क कडेने धरायची, पुसायची तर मऊ फडक्याने मधून बाहेर, सरळ रेषेत, गोल गोल नाही. नेताना एकदा आणि आणताना एकदा दोघांनी मिळून उजेडात धरून बघायची, म्हणजे नंतर वाद नाही. ओरखडा पडलाच तर काय, हे आधी बोलून ठेवायचं. भाडं मात्र घ्यायचं नाही. मित्राला खेळायला देणं वेगळं आणि भाड्याने देण्याचा धंदा वेगळा, कायद्यातही.

यापुढे जायचं असेल तर माझ्या मनात भिशी आहे. सोसायटीत प्लेस्टेशन असलेली सहा घरं निघतील. महिन्याला सातशे रुपये प्रत्येकी, म्हणजे बेचाळीसशे, म्हणजे एक नवी डिस्क. ज्याचा महिना त्याने गेम निवडायचा आणि पहिले दहा दिवस त्याचे, मग ती डिस्क वहीत नाव लिहून फिरायला लागते. सहा महिन्यांत सहा डिस्क, सगळ्या अस्सल, आणि प्रत्येक घराला एका डिस्कच्या किमतीत सहा गेम. सातशे ज्यांना जड आहेत त्यांनी जुन्या, वापरलेल्या डिस्क घ्याव्या, त्या बऱ्याच स्वस्त पडतात. चौदा-पंधरा वर्षांची मुलं ही भिशी स्वतः चालवू शकतात, मोठ्यांनी फक्त पैसे सांभाळावे.

पहिला महिना कुणाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवू द्या. आणि खालच्या मजल्यावरच्या त्या मुलाच्या नावाची चिठ्ठी त्यात असू द्या. तो दिवाळीनंतर तुमच्याकडे आलेला नाही, असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. बोलवायला तुमच्या मुलाला खाली पाठवा, डिस्क हातात देऊन.